पाळी बदलतानाची दहा मिनिटे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कौशल्य विकासाची चर्चा निघाली की ती वर्ग, तास आणि प्रमाणपत्रे यांतच फिरत राहते. यंत्रशाळेत मात्र निम्म्याहून अधिक काम माणूस शेजारच्या मशीनवरच्या माणसाकडून शिकतो. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज इथल्या कारखान्यांत या शिकण्याला वेळही नेमून दिलेला नाही आणि त्याचा हिशेबही कुणी ठेवत नाही. त्यातून नुकसान कसे होते, ते एका उदाहरणावरून सांगतो.

सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने धातू कातणाऱ्या यंत्रावर, 25 मि.मी. व्यासाचा शाफ्ट (गोल दांडा) चालू आहे. ड्रॉइंगवर एच 7 टॉलरन्स, म्हणजे माप 25.000 आणि 24.979 यांच्या आत हवे. मोकळीक अवघी 21 मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इन्सर्टची, म्हणजे कातणाऱ्या बदलत्या पात्याची, धार झिजते तसा व्यास वाढत जातो. पहिल्या पाळीचा ऑपरेटर अधूनमधून वेअर ऑफसेटमध्ये (झीज भरून काढण्यासाठी मशीनला दिलेल्या दुरुस्तीच्या आकड्यात) चार-पाच मायक्रॉन उणे टाकून माप धरून ठेवतो. पाळी संपेपर्यंत हा आकडा उणे 30 पर्यंत गेलेला असतो. दुसऱ्या पाळीचा माणूस येतो, धार गेलेली बघून इन्सर्टची नवी कड लावतो आणि सायकल स्टार्ट दाबतो. धार नवी, ऑफसेट जुना. पहिलाच जॉब (नग) 30 मायक्रॉन कमी भरतो, आणि बाहेरचा व्यास कमी झालेला शाफ्ट सरळ भंगारात जातो. दोघांनाही काम येत होते. वेअर शून्य करायचा, वर 200 मायक्रॉन अधिक टाकून पहिला जॉब काढायचा, मोजायचा आणि मग माप उतरवायचे, हेही दोघांना ठाऊक होते. पण ऑफसेट उणे 30 वर आहे, हे एक वाक्य सांगायचे राहून गेले.

म्हणून पहिली मागणी अशी, की पाळी बदलताना मशीन थांबवून दहा मिनिटे दोन्ही ऑपरेटर मशीनपाशीच उभे राहावेत आणि ही दहा मिनिटे पगारी असावीत. शेवटचा जॉब दोघांनी एकाच मायक्रोमीटरने मोजावा. चालू कडेवर किती जॉब निघाले, ऑफसेट कुठे आहे, चक (जॉब पकडणारा भाग) किंवा स्पिंडलचा (त्याला फिरवणाऱ्या दांड्याचा) आवाज बदलला आहे का, अर्धवट राहिलेली सेटिंग कोणती, एवढे बोलणे पुरते. नुसत्या रजिस्टरने हे होत नाही. तिथे प्रत्येक रकान्यात ‘ओके’ लिहिलेले सापडते. तीन पाळ्यांची मिळून 30 मिनिटे होतात, म्हणजे दिवसाच्या 24 तासांतले जेमतेम दोन टक्के.

जॉब मोजण्याची गोष्टही अशीच. मशीनमधून नुकताच काढलेला जॉब हवेपेक्षा 20 अंशांनी गरम असेल, तर 25 मि.मी.चा पोलादी शाफ्ट सुमारे सहा मायक्रॉन मोठा दिसतो. नवा ट्रेनी ते बघून ऑफसेट उणे करतो आणि थंड झाल्यावर माप खाली जाते. जुना ऑपरेटर जॉब दोन मिनिटे सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या सपाट पाटावर) ठेवून मग मायक्रोमीटर लावतो. का ठेवतो, हे त्याला कुणी विचारत नाही आणि तोही आपणहून सांगत नाही.

अशा गोष्टींसाठी एका मुद्द्याचा एकच कागद करावा. ए-फोर आकार, एक चूक आणि एक बरोबर फोटो, खाली चार ओळी. लिहिणारा ऑपरेटरच हवा, इंजिनिअर नव्हे. मजकूर मराठी आणि हिंदीत असावा, कारण लाइनवर बिहार-ओडिशाकडची मुलेही आहेत. फोटो मात्र सगळ्यांनाच कळतो. लॅमिनेट करून मशीनला लावावा आणि पाच मिनिटांत समजावून झाल्यावर शिकणाऱ्याची सही घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे टाकून भागत नाही. तिथला फोटो संध्याकाळपर्यंत वाहून जातो, शिवाय ग्राहकाचे ड्रॉइंग बाहेर जाण्याचा धोका असतो.

शिकवण्याचीही पद्धत आहे, आणि ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांत नवख्यांना झटपट तयार करण्यासाठी चार पायऱ्या ठरवल्या गेल्या: शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर पाठपुरावा. आपल्याकडे दुसरी पायरी होते आणि तिथेच थांबते. ‘बघ, असं करायचं’ म्हणून उस्ताद निघून जातो. तिसऱ्या पायरीत शिकणाऱ्याने काम करता करता प्रत्येक कृती आणि तिचे कारण तोंडाने सांगायचे असते. तो अडखळतो तिथेच त्याला नेमके काय कळलेले नाही ते दिसते.

क्वालिटी सर्कलविषयी मात्र दुःखाने लिहावे लागते. जपानमध्ये 1962 साली सुरू झालेली ही कल्पना 1980 साली हैदराबादच्या ‘भेल’मध्ये (भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये) आली आणि नंतर देशभर पसरली. कल्पना सोपी आहे. एकाच विभागातल्या सहा ते दहा जणांनी आठवड्यातून तासभर बसावे, स्वतःची अडचण स्वतः निवडावी, दोन-तीन आठवडे आकडे नोंदवावेत, सर्वांत मोठे कारण शोधावे आणि एका वेळी एकच बदल करून पाहावा. बिघडते ते विषय वरून आल्यावर. उत्तर आधीच ठरलेले असते, सुपरवायझर रात्री बसून स्लाइड बनवतो आणि स्पर्धेसाठी माशाच्या काट्याची आकृती (अडचणीची कारणे मांडण्याची) उलटीकडून भरली जाते. बैठक पाळी सुटल्यावर ठेवली तर कामगाराचे लक्ष कंपनीच्या बसकडे असते. त्याला दोष कसा द्यायचा?

याहून घातक म्हणजे वैयक्तिक इन्सेंटिव्ह. जो जास्त जॉब काढेल त्यालाच पैसे मिळणार असतील, तर आपली क्लृप्ती शेजाऱ्याला कोण सांगेल? बक्षीस पूर्ण लाइनला द्यावे. तसेच बाद मालाच्या लाल पेटीतला जॉब कुणाच्या नावावर मांडून त्याला झापले, की दुसऱ्या दिवसापासून तो पेटीत न पडता चिप्सच्या (धातूच्या किसाच्या) ढिगाखाली जातो. लाल पेटीभोवती रोज दहा मिनिटे उभे राहावे, जॉब हातात घ्यावा आणि ‘कुणी केले’ हा प्रश्न तिथे वर्ज्य असावा.

कोणाला काय येते याचा तक्ता बहुतेक कारखान्यांत भिंतीवर असतो आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी भरला जातो. त्यातली चौथी पायरी, म्हणजे ‘दुसऱ्याला शिकवू शकतो’, ही ज्याने खरोखर एक माणूस तयार केला त्यालाच द्यावी आणि तिला पगारात वाढ जोडावी. प्रत्येक महत्त्वाच्या मशीनवर सेटिंग येणारे किमान तिघे हवेत. एक रजेवर आणि एक आजारी असला तरी काम अडत नाही.

शेवटचा मुद्दा निवृत्तीचा. निवृत्तीची तारीख कारखान्याला काही वर्षे आधीच ठाऊक असते, तरी जुन्या सेटरच्या (मशीनची सेटिंग करणाऱ्याच्या) हाताखाली माणूस दिला जातो तो शेवटच्या पंधरवड्यात. सहा महिने आधी दोघे जण द्यावेत. त्यांतल्या शेवटच्या तीन महिन्यांत त्या सेटरने स्वतः स्पॅनर हातात घेऊ नये. दोघांनी सेटिंग करावी आणि त्याने बाजूला उभे राहून फक्त बोलावे. आवाजावरून इन्सर्ट गेल्याचे कसे ओळखतो, हे त्याला तेव्हाच शब्दांत सांगावे लागेल.

आपला,
यंत्रशाळेत प्रशिक्षणाचे काम करणारा एक वाचक, भोसरी