चाक का अडकलं, तेही छापा

मा. संपादक,

विमानाचं चाक अडकलं, वैमानिकाने प्रसंगावधान राखलं, प्रवासी बालंबाल बचावले. अशी बातमी पहिल्या पानावर ठळक येते आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा पत्ता नसतो. चाक अडकलं कशामुळे, हे वाचकाच्या कानावर कधी येतच नाही. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळावरून येजा करणाऱ्यांना पंख्याचं विमान नवं नाही. मार्च २०१५ मध्ये हुबळीला असंच एक विमान भर पावसात धावपट्टी सोडून गेलं आणि त्याच्या डाव्या चाकाचा पाय मोडला. सगळे सुखरूप होते, म्हणून आपल्या लेखी विषय संपला.

मी उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामात केस पांढरे केलेला माणूस, त्यामुळे मला खरा रस पुढच्या भागात. २००७ साल घ्या. ९ सप्टेंबरला डेन्मार्कमधल्या ऑलबोर्गला क्यू-४०० जातीच्या एका पंख्याच्या विमानाचं उजवं चाक जमिनीला टेकताच दुमडलं. पंख्याचं पातं धावपट्टीवर आपटून तुटलं आणि त्याचा तुकडा थेट केबिनमध्ये घुसला. तीनच दिवसांनी लिथुआनियातल्या विल्नियसला त्याच कंपनीच्या, त्याच जातीच्या विमानाची तीच गत. ऑलबोर्गचं कारण निघालं चाक खालीवर करणाऱ्या सिलिंडरच्या रॉडच्या टोकाशी: आट्यांना गंज चढला होता, टोक सुटून आलं. मग २७ ऑक्टोबरला कोपनहेगनला तिसरं विमान. उजवं चाक पूर्ण खाली येईना. पण ऑलबोर्गला पात्याने काय केलं ते तोवर जगजाहीर झालं होतं. वैमानिकांनी उतरण्याआधीच उजवं इंजिन बंद करून पंखा थांबवला. तिन्ही वेळा एकही माणूस दगावला नाही.

तिसऱ्या वेळचं कारण मात्र गंज नव्हे. जागा सोडलेली एक ओ-रिंग, म्हणजे तेल गळू नये म्हणून बसवतात ती गोल कडी, तेलाच्या बारीक वाटेत जाऊन बसली होती. आमच्याकडे नवा पोरगा कामाला लागला की आधी हेच शिकवतात: रिंगला तेल लाव, बोटाने फिरवून बघ, पीळ राहिला तर कापली जाईल. इथे सिलिंडर गळला तर गिऱ्हाईक शिव्या घालतं, एवढंच.

चाक अडकलं की सगळं संपलं, असंही नसतं. हायड्रॉलिक गेलं तरी चाकं वर धरून ठेवणारी कुलपं हाताने सोडता येतात, चाकं आपल्या वजनाने खाली येतात. क्यू-४०० ची मोठी चाकं इंजिनाच्या खोळीतून वाऱ्याच्या विरुद्ध पुढे यावी लागतात, म्हणून वैमानिकाच्या हाताशी एक हातपंपही दिलेला असतो. पण जपानमधल्या कोचीला (केरळातलं नव्हे) मार्च २००७ मध्ये पुढच्या चाकाचं दारच उघडेना, कारण यंत्रणेतला एक बोल्ट जागेवर नव्हता. शेवटी वैमानिकाने नाक टेकवून विमान उतरवलं. कुणाला खरचटलंही नाही.

ही माहिती कुठून आली? चौकशी अहवालांतून. आपल्याकडेही असे अहवाल निघतात, पण बऱ्याच उशिरा, इंग्रजीत, आणि तोवर वार्ताहर दुसऱ्या कामाला लागलेले असतात. त्यातलं कारण अर्ध्या कॉलमात मराठीतून छापायला फारशी जागा लागणार नाही. वाचकाला हे डोक्यावरून जाईल म्हणता? ज्या जिल्ह्यात गल्लीगल्लीत लेथ चालतात आणि हत्तरगीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानांचे सुटे भाग घडतात, तिथे ही शंका नको. सोबत एक चौकटही द्या: अशा वेळी जागा बदला म्हटलं तर निमूट बदलावी, बाहेर पडताना बॅग तिथेच सोडावी. पंख्याच्या रांगेतली जागा सोडायला का सांगतात, ते वर आलंच आहे.

मे २०२३ मध्ये सांबऱ्याजवळ होन्निहाळच्या शिवारात प्रशिक्षणाचं विमान उतरवावं लागलं, त्याचे फोटो आपण सर्वांनी पाहिले. त्याचं कारण काय निघालं, इथूनच सुरुवात करा. घटना आपल्याच तालुक्यातली आहे.

— एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव