माऊला पत्र

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

परवा दादाच्या तोंडून निघून गेलं की तुमच्या लॅबमध्ये ऑक्सिजन कमी झाल्याचा अलार्म वाजला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. आईबाबांना सांगायचं नाही असं ठरलं होतं म्हणे. असो, ओरडायला लिहीत नाहीये.

नमुने गार करायला तुम्ही द्रव हेलियम वापरता, त्याला ना वास, ना रंग. लिटरभर द्रव उकळला की ७०० लिटरच्या वर वायू होतो आणि खोलीतली हवा बाहेर लोटतो. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही म्हणे, नुसता खाली बसतो. तेव्हा रात्री एकटी थांबत जाऊ नकोस. उणे २६९ अंशांवर नेलेला नमुना अर्ध्यात टाकून घरी येता येत नाही, हे तू मागे सांगितलंयस. तरी.

आपल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तू ४० गेजची बारीक तार जाडी मोजायला मायक्रोमीटरमध्ये धरून बसायचीस, जेवणाचा डबा तसाच. मोटारीच्या जळक्या स्टेटरचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांच्या स्थिर भागाचा, वास आवडणारी पोर मी दुसरी पाहिली नाही. आता तुझ्या नमुन्यातला क्रोमियमचा थर त्या तारेच्या जाडीच्या लाखाव्या हिश्शाएवढा, आणि दोन्हीकडे लोखंड! १९८८ साली जर्मनीत तुमच्याच यूलिशला शास्त्रज्ञ पेटर ग्र्यूनबेर्गनी असाच थर घेऊन दाखवलं की दोन लोखंडांचं चुंबकत्व उलटसुलट असलं की वीज अडते, एका दिशेला आलं की सुटते. तिकडे पॅरिसजवळ आल्बेर फेर यांनाही तेच सापडलं, आणि २००७चं नोबेल दोघांना मिळून. हार्ड डिस्क वाचायला पुढे हेच कामाला आलं, असं मी आत्याच्या घरी सगळ्यांसमोर सांगितलं. ‘मुलीला इतकं शिकवून काय’ हे आता तिथे बंद आहे.

ग्र्यूनबेर्गसुद्धा तेव्हा रात्री कुणाला तरी सोबत घेत असतील, असं आपलं मला वाटतं.

अलार्म झाला की वही, मोबाइल काही उचलायचं नाही. आत कुणी पडलेला दिसला तरी आत शिरायचं नाही, अग्निशमनवाल्यांना बोलवायचं. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून सांगतो. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं असणार, मी मोटारी भरणारा माणूस तुला काय सांगणार. राग मानू नकोस. पण जोडीला कोण असतं, तेवढं नाव कळव.

आईचे गुडघे बरे आहेत. मेतकूट पाठवलंय.

तुझे,
बाबा

ता. क. क्रोमियम जरासं जाड केलं की दोन्ही लोखंडं पुन्हा एकाच दिशेला का वळतात, ते सवडीने सविस्तर लिही. वाइंडिंगमध्ये असं काही होत नाही.