जर्मनीचं माप चंद्रपूरलाही लावा

मा. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

कोळशावरची वीजकेंद्रं बंद होतील, तेव्हा तिथे राबणाऱ्यांचं काय, हा या पत्राचा विषय. खरं तर कोळसा किंवा ऊर्जा खात्याला लिहायला हवं होतं. पण हवामान परिषदेत भारताच्या वतीने वाटाघाटी आपलं मंत्रालय करतं, म्हणून हे पत्र आपल्याला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचं ठरलं, तेव्हा आपल्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी भर सभेत त्याला दृष्टिभ्रम म्हटलं. आम्हा चंद्रपूरकरांना ते ऐकून बरं वाटलं. पण भांडण झालं ते आकड्यावर. तो पैसा कर्ज म्हणून येणार की अनुदान म्हणून, आणि शेवटी कुणाच्या हातात पडणार, याची चर्चा मागेच राहिली.

सरसकट कर्ज नको, असं माझं म्हणणं नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जावरच उभा राहिला. वीज विकायची, हप्ता भरायचा. सरळ व्यवहार आहे. पण ज्याचं कामच जाणार आहे, त्याला पुन्हा उभं करण्यासाठी घेतलेलं कर्ज फेडायचं कशातून?

दक्षिण आफ्रिकेने हा अनुभव घेतला आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळसा सोडण्यासाठी श्रीमंत देशांचा तिच्याशी साडेआठ अब्ज डॉलरचा करार जाहीर झाला, टाळ्या पडल्या. वर्षभराने गुंतवणूक आराखडा आला, तेव्हा त्यात निव्वळ अनुदान जेमतेम ४ टक्के निघालं. बाकी सगळं कर्ज आणि हमी. मार्च २०२५ मध्ये अमेरिका तर करारातूनच उठून गेली. दरम्यान तिथल्या कोमाती या कोळसा वीजकेंद्राचा शेवटचा संच ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाला होता. जागतिक बँकेचे ४९.७ कोटी डॉलर मंजूर झाले ते त्यानंतर, आणि त्यातलाही मोठा भाग कर्जच. कायम नोकरांना दुसऱ्या केंद्रांत सामावून घेतलं. कंत्राटी मजूर, खोल्या भाड्याने देणारे आणि दुकानदार मात्र उघड्यावर पडले.

आता कर्ज देणाऱ्यांच्या घरात डोकावून बघा. जर्मनीने २०२० मध्ये कोळसा सोडण्याचा कायदा केला आणि लाउझित्स, ऱ्हाइनलँड अशा कोळसा पट्ट्यांसाठी २०३८ पर्यंत ४० अब्ज युरोपर्यंत मदत ठरवली. ५८ वर्षांवरच्या ज्या कोळसा कामगारांचं काम जाईल, त्यांना पेन्शन लागेपर्यंत भत्ता. त्यांच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) उद्योगात थेट नोकऱ्या होत्या सुमारे २० हजार! कामगाराला हातात पैसा द्यायचा, पट्ट्याला आधी रस्ते, रेल्वे, संशोधन संस्था द्यायच्या आणि मग भट्ट्या विझवायच्या, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मग विकसनशील देशांशी बोलताना ते व्याजदरावर का येतात?

धूर आम्हालाही नकोच आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूर वरच्या नंबरात होतं. इथल्या औष्णिक केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॉट आहे. २१० मेगावॉटचे पहिले दोन संच आधीच भंगारात गेले, तिसरा-चौथाही चाळिशीचे झाले. त्यांची पाळी येणारच.

एखाद्या दिवशी शिफ्ट सुटताना गेटवर येऊन उभे राहा. कायम कर्मचाऱ्यांच्या गाड्या भर्रकन निघून जातात. मागून कोल हँडलिंगवाले येतात, राख उपसणारे येतात, भुवयांपर्यंत काळे-करडे झालेले. त्यांच्या गेटपासवर ठेकेदाराचं नाव असतं. ठेका बदलला की पासही बदलतो. त्याच कन्व्हेयरखाली वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाची सलग नोंद शोधायला गेलात तर दमाल. बाहेर चहाची टपरी, पंक्चरवाला, डबे देणाऱ्या बाया, ट्रकवर ताडपत्री बांधणारी पोरं. कोमातीत उघड्यावर पडले ते हेच लोक. सौर प्रकल्पात यांना घ्या म्हणावं, तर उभारणीचे काही महिने गर्दी असते, पुढे उरतं पॅनल धुणं आणि वॉचमनकी. शिवाय सौर प्रकल्प राजस्थान-गुजरातेत गेले, तर आमच्या जिल्ह्यातल्या कोळशाची रॉयल्टी आटणार ती आटणारच.

मे २०२२ मध्ये बर्लिनमध्ये भारत-जर्मनी हरित भागीदारी झाली. जर्मनीकडून २०३० पर्यंत किमान १० अब्ज युरो, त्यातही मोठा वाटा सवलतीच्या कर्जाचा. या भागीदारीच्या पुढच्या बैठकीत एक वेगळं खातं मागा: कोळसा जिल्ह्यांसाठी, फक्त अनुदानाचं, आणि संच बंद होण्याच्या निदान पाच वर्षं आधीपासून दरवर्षी हप्ता जमा होणारं. पैसा ठेवायला नवं महामंडळ नको. खाणवाल्यांकडून येणारा निधी जिल्ह्यातच खर्च करणारं जिल्हा खनिज प्रतिष्ठान २०१५ पासून आहे. (त्या निधीतून आजवर काय काय बांधलं गेलं, हा वेगळ्या पत्राचा विषय.) त्याच्याच हिशेबात स्वतंत्र रकाना करा आणि दर तिमाहीला तो ग्रामसभेपुढे वाचायला लावा.

पण ही मागणी करायची तर आपल्या हातात कागद हवा. 'तुमच्याकडे कामगार किती?' असं समोरच्याने विचारलं आणि आपण फक्त कायम नोकरांचा आकडा दिला, तर मदतही तेवढ्याच लोकांपुरती येईल. म्हणून बैठकीला जाण्याआधी कामगार आणि ऊर्जा खात्यांना बरोबर घेऊन चंद्रपूर, कोरबा, सिंगरौली या कोळसा जिल्ह्यांत कंत्राटी कामगारांची नोंदवही सुरू करा. नोंद आधार क्रमांकावर करा, ठेकेदाराच्या नावावर नको. हे काम करायला जर्मनीची परवानगी लागत नाही.

आपला,
चंद्रपूरचा एक वीजग्राहक