सूत्र पाठ करवून घ्या, पण आधी उघडून दाखवा

सन्माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका पालकांचे पत्र आले आहे. वर्गसमीकरणाचे सूत्र पुढे आयुष्यात कुठे कामाला येत नाही, तेव्हा दहावीच्या मुलांवरचे हे ओझे काढून टाका, निदान प्रश्नपत्रिकेवर सूत्र छापून तरी द्या, असे त्यांचे म्हणणे. माझी सगळी नोकरी दहावीला बीजगणित शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतरही गल्लीतली पोरे वह्या घेऊन ओट्यावर येतातच, म्हणून हा पत्रप्रपंच.

सूत्र छापून द्यायला माझी काहीच हरकत नाही. पण चुका त्याने कमी होणार नाहीत, कारण पोरे सूत्र विसरतच नाहीत. ‘वजा बी, अधिक-वजा, वर्गमुळात बी वर्ग वजा चार एसी, छेद दोन ए’ हे झोपेतून उठवून विचारले तरी म्हणतील. घोळ होतो तो पुढे, किमती घालताना.

२क्ष² − ७क्ष + ३ = ० हे उदाहरण घ्या. इथे क्ष² चा सहगुणक, म्हणजे त्याच्या मागचा आकडा, ए म्हणजे २, क्ष चा सहगुणक बी म्हणजे वजा ७ आणि सुटा आकडा सी म्हणजे ३. म्हणून वजा बी म्हणजे अधिक ७. बरीचशी पोरे वरचे चिन्ह तसेच उतरवतात आणि वजा ७ लिहून मोकळी होतात. उत्तरे येतात वजा अर्धा आणि वजा ३. वजा ३ मूळ समीकरणात घालून पाहिले, तर १८, २१ आणि ३ मिळून ४२ होतात. शून्याच्या जवळपाससुद्धा नाही, पण घालून कोण पाहतो? दुसरा प्रकार याहून अवघड. कंस न घालता वजा ७ चा वर्ग वजा ४९ करायचा, त्यातून चार एसी म्हणजे २४ वजा करायचे, विवेचक (वर्गमुळाखालची संख्या) वजा ७३ आला की ‘मुळे वास्तव नाहीत’ असे लिहून खाली ठळक रेघ ओढायची. आत्मविश्वास एवढा की तपासणाऱ्याच्या मनात क्षणभर शंका यावी!

हे असे होते, कारण सूत्र कुठून आले हे मुलांनी कधी पाहिलेलेच नसते. पुस्तकात सिद्धता आहे, नाही असे नाही. पण ती आधी समीकरणाला ए ने भागते, मग बी छेद दोन ए चा वर्ग मिळवते. अपूर्णांकावर अपूर्णांक चढले की वर्ग जांभया देऊ लागतो आणि शिक्षकही ‘हे घरी वाचा’ म्हणून पुढच्या पानावर जातात.

खरे तर भागायची गरजच नाही. आपले जुने गणिती श्रीधराचार्य यांचा नियम आहे: दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा आणि मग मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. वरच्याच उदाहरणात चौपट म्हणजे ८. गुणले की १६क्ष² − ५६क्ष + २४ = ०. २४ पलीकडे न्या आणि दोन्हीकडे ४९ मिळवा. डावीकडे (४क्ष − ७) चा वर्ग तयार, उजवीकडे २५. म्हणजे ४क्ष − ७ एक तर ५ किंवा वजा ५. क्ष = ३ किंवा अर्धा. शेवटच्या भागाकारापर्यंत अपूर्णांक कुठेही नाही, आणि तो ७ पलीकडे जाताना अधिक का होतो हे मुलाला डोळ्यांनी दिसते. आकड्यांच्या जागी ए, बी, सी ठेवले की तेच आपले सूत्र. चार ओळींत आटोपते. ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केले, तो चिन्हात अडखळला तर सूत्र पुन्हा उभे करू शकतो.

हा नियम आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः भास्कराचार्यांमुळे. ‘बीजगणित’ ग्रंथात त्यांनी तो श्रीधरांचे नाव घेऊन दिला आहे. ब्राझीलमध्ये शाळकरी मुले या सूत्राला आजही भास्कराचे सूत्र म्हणतात. ऐकून आपली छाती फुगते, पण खुद्द भास्कराचार्यांनी श्रेय दुसऱ्याला दिलेले आहे, एवढे भाषणे ठोकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आमच्या चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या देवळात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर राजाला मिळणाऱ्या करातला वाटा मठाला दिल्याचे त्यात लिहिले आहे. गणिताच्या अभ्यासाचा खर्च बाजाराच्या करातून! आमच्याकडची माणसे तिथे सहलीला जातात, धबधब्याचे फोटो काढतात आणि परत येतात.

‘उपयोग काय’ याचे उत्तरही भास्कराचार्यांच्याच एका उदाहरणातून देतो. वानरांच्या कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून ३ वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा. तितकी वानरे गुहेत गेली, एक फांदीवर दिसते आहे. एकूण वानरे किती? समीकरण होते क्ष² − ५५क्ष + २५० = ०, मुळे ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, वर्ग ४९, आणि फांदीवरचे एक. जुळले. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ कसे काढणार? वजा २ चा वर्ग ४ होतो आणि आकडेमोड जुळतेही, पण वजा २ वानरे कुणी पाहिली? भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर याच कारणाने सोडून दिले: ऋण संख्या लोकांना पटत नाही.

दोन उत्तरांतले कोणते ठेवायचे आणि का, हे सूत्र सांगत नाही, ते माणसाला ठरवावे लागते. माझी मंडळाला विनंती एवढीच, की सूत्र खुशाल छापा, पण चार गुणांचा एक प्रश्न असा ठेवा, ज्यात एक मूळ नाकारायचे असेल आणि कारण लिहिल्याशिवाय पूर्ण गुण मिळणार नाहीत.

पत्रलेखक पालकांसाठी त्याच ग्रंथातले दुसरे उदाहरण देतो. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग, इतकी वानरे वनात बागडत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर आहेत. याला दोन उत्तरे येतात आणि इथे दोन्ही खरी ठरतात. मुलाला शेजारी बसवून सोडवून पाहावे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, चाळीसगाव