पेन्सिलीच्या एका रेघेबद्दल

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

१६ नोव्हेंबरला डॉ. श्रीराम लागू यांच्या जयंतीनिमित्त आपल्या वाचनालयात मी जे भाषण केले, त्याचे कौतुक अजून कानावर येते आणि दर वेळी ओशाळल्यासारखे होते, कारण त्यात जे बरे होते ते आपले होते. म्हणूनच हे आभार चारचौघांसमोर मानत आहे.

माझ्या टिपणात 'डॉक्टरांनी एके दिवशी दवाखान्याला रामराम ठोकला' असे वाक्य होते. त्याखाली आपण पेन्सिलीने बारीक रेघ ओढलीत आणि काही न बोलता आतल्या कपाटातून खाकी कव्हर घातलेले 'लमाण' काढून दिलेत. दोन रात्रींत ते आत्मचरित्र वाचले, तेव्हा आपली रेघ कळली. वैद्यकीय शिक्षण घेत असल्यापासून नाटक करणारा, पुण्यात भालबा केळकरांसह प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी करणारा आणि टांझानियापर्यंत जाऊन कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया करणारा हा माणूस १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, पूर्णवेळ नट झाला. त्यात 'एके दिवशी' असे काहीच नव्हते. पुढच्याच वर्षी डिसेंबरात 'नटसम्राट' रंगमंचावर आले, ते या इतक्या वर्षांच्या तालमीनंतर.

दुसरे ऋण त्याहून मोठे आहे. पुस्तकांवर शिक्के मारता मारता आपण सहज म्हणालात, "दोन मास्तर शेजारी बसवून बघा." 'पिंजरा'तले (१९७२) गुरुजी तमाशाचा फड गावातून उठवायला निघतात आणि शेवटी त्याच फडात हाती तुणतुणे घेऊन उभे राहतात; स्वतःच्याच खुनाचा आरोप आला तरी गावाच्या मनातली आपली मूर्ती भंगू नये म्हणून तो मुकाट पत्करतात. 'सामना'तला (१९७५) दारुडा मास्तर मात्र, गमावण्यासारखे काही उरले नसल्याने, निळू फुल्यांच्या साखरसम्राटाला मारुती कांबळेचे काय झाले हे विचारायचे थांबत नाही. डॉक्टरांच्या हिंदी चित्रपटांवर, 'घरौंदा' वगळता, मी चार ओळींपलीकडे गेलो नाही, याचे श्रेयही या दोघांनाच. वेळ त्यांनीच खाल्ला.

'लमाण' परत करायला मला नऊ दिवस उशीर झाला आणि आपण दंड घेतला नाहीत. ती रक्कम सोबतच्या पाकिटात ठेवली आहे. कृपया पावती फाडावी.

आपला,
एक सभासद