तंजावरला पूर्ण दिवस द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुटीच्या तोंडावर आपल्या पर्यटन पुरवणीत दक्षिण भारताच्या सहलींची जी माहिती येते, तीत तंजावरच्या वाट्याला त्रिची (तिरुचिरापल्ली) ते रामेश्वरम या धावपळीतला तासाभराचा थांबा येतो. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात जिथे राज्य स्थापले आणि जिथे १८५५पर्यंत भोसल्यांची गादी होती, त्या गावाची मराठी प्रवाशाने एवढ्यावर बोळवण करावी, हे पटत नाही. मुक्काम वाढला की खर्च वाढतो, ही सबबही तंजावरला फारशी लागू पडत नाही.

त्रिचीहून साध्या बसने किंवा पॅसेंजरने दीड-दोन तासांत तिथे पोहोचता येते. बस नव्या स्थानकावर उतरवते, ते गावाबाहेर आहे. तिथून शहर बसने जुन्या स्थानकावर आले की मंदिर आणि राजवाडा दोन्ही पायी हिंडता येतात. राजराज चोळाने १०१०च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिरात प्रवेशशुल्क नाही. मात्र सकाळी लवकर जावे, कारण दुपारी गाभारा बंद असतो आणि अनवाणी पायांना अंगणातली फरशी सोसवत नाही. सहलीचे लोक विमानाचे, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच मनोऱ्याचे, शिखर पाहून परततात. आवाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास ओळीमागून ओळ मराठीत उभा आहे, याचा त्यांना पत्ताही नसतो. सांबार भोसल्यांच्या मुदपाकखान्यात जन्मले, ही कथा मात्र गाडीत हमखास ऐकवली जाते. तिला पुरावा कोणी मागत नाही.

दुपार राजवाड्यासाठी ठेवावी. तिकीट काढावे लागते, पण त्याचा मोबदला तिथल्या कलादालनातली एकच मूर्ती चुकता करते. तिरुवेंगाडू येथे सापडलेला, १०११ सालचा वृषभवाहन शिव तिथे उभा आहे. जटा सापांसह फेट्यासारख्या गुंडाळलेल्या, एक पाय सैल टाकलेला आणि उजवा हात नंदीच्या पाठीवर रेललेला. नंदी आज जागेवर नाही, तरीही त्या हाताचा भार कुठे पडला असेल ते डोळ्यांना कळते. शेजारच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सर्वसामान्यांना छोटे संग्रहालयच पाहायला मिळते. परंतु संस्कृत, तमिळ, तेलुगूबरोबर मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे जपणाऱ्या या संस्थेचा विस्तार सरफोजीराजांनी किती आस्थेने केला, याची कल्पना तेवढ्यानेही येते. जेवणासाठी केळीच्या पानावर वाढणारी कोणतीही साधी खानावळ पुरते. वेळ उरल्यास कावेरीकाठच्या तिरुवैयारूला, कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांच्या समाधीपर्यंत, बसने जाऊन संध्याकाळी परतता येते.

आपल्या पुरवणीने यंदा सहलींच्या दरपत्रकांऐवजी अशा एका दिवसाचे बसमार्ग आणि दर्शनाच्या वेळा द्याव्यात, आणि त्यासोबत त्या शिलालेखातील निवडक मजकूर सोप्या अर्थासह छापावा. दोनशे वर्षांपूर्वीची ती मराठी भिंतीसमोर उभे राहून एकदम लागत नाही. कात्रण हाती असले तर निदान व्यंकोजीराजांपर्यंतचा भाग प्रवाशाला स्वतः वाचून काढता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा