शकुंतला कोणासाठी आली?

प्रिय अन्या,

विदर्भातली आपली शकुंतला रेल्वे इंग्रजांनी आपल्यासाठी आणली, असं तू परवा फोनवर म्हणालास. तेव्हा वाद घातला नाही, आता घालतो.

आपल्यासाठी कसली, लेका! ती आली कापसासाठी. मुंबई-नागपूर मोठी लाइन १८६७ मध्येच झाली होती, पण आपल्याकडचा कापूस तिथवर बैलगाडीनंच जायचा. म्हणून किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं अडीच फुटी रूळ टाकले. मूर्तिजापूरहून एका अंगाला यवतमाळ, ११३ किलोमीटर. दुसऱ्या अंगाला अचलपूर. रूळ अरुंद म्हणजे भराव, पूल, जमीन सगळंच स्वस्तात. कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जायचा आणि आपल्या गाडीचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेलं. दोन्हीकडून कमाई त्यांचीच! त्या इंजिनानं मात्र १५ एप्रिल १९९४ ला डिझेल येईपर्यंत इमानानं गाडी ओढली.

परवा याच लाइनीवरच्या दारव्हा मोतीबाग स्टेशनला गेलो होतो. दोन रुळांवर दोन पाय ठेवून आरामात उभं राहता येतं, एवढीशी ती लाइन. इथून पुसदचा फाटा निघायचा, तो तर आपल्या जन्माआधीच उखडला.

आणि शकुंतलेची रॉयल्टी इंग्लंडच्या राणीला जाते, हा मेसेज आता कोणाला पाठवू नकोस. बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, ही तेवढी कंपनीची राहिली, हे खरं. गाडी मध्य रेल्वे चालवायची आणि करारानं कंपनीला पैसे द्यायचे, हेही खरं. पण किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांकडे गेली होती. राणीच्या तिजोरीत काही पडत नव्हतं. माझ्या मते दुखणं वेगळंच होतं. मालक एक, चालवणारा दुसरा. मग रुळांवर पैसा कोण घालणार?

शेवटी गाडी ताशी वीस किलोमीटरवर आली. फाटक आलं की थांबायची. गाडीवरचाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडायचा आणि पळत येऊन परत चढायचा. तिकिटं देणंही त्याच्याच गळ्यात. तोवर एसटी यवतमाळला पोचून परतीला लागलेली असायची. कापूस ट्रकवर गेला, माणसं एसटीत गेली. उरले ते ज्यांना एसटीचं भाडं परवडत नव्हतं ते, आणि गाडी बंद पडल्यावर खरी अडचण त्यांचीच झाली. आपण नुसते हळहळलो.

आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचं चाललंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडी वर्ध्याहून यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबपर्यंत आली. पुढे पुसदमार्गे नांदेड. यवतमाळकर खूश आहेत. पण कारंजा-मूर्तिजापूरवाल्यांना तिचा काय उपयोग? त्यांना शकुंतलाच ब्रॉडगेज करून हवी आहे आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. नुसती आठवण म्हणून जुना डबा रंगवून ठेवण्यात मला रस नाही.

तुझे काका जिनिंगात हिशेब लिहायचे ना? त्यांच्या ट्रंकेत मालगाडीच्या जुन्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, असतील तर बघ. कोणत्या स्टेशनातून किती गाठी जायच्या, ते मला एकदा कागदावर बघायचंय. रद्दीत घालायच्या आधी फोन कर.

तुझाच,
दिलीप